काचेचं वावर

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी भाचा पुण्याहून आला, दुकानाच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि म्हणाला, ‘‘मामा, स्पर्धा फार वाढली हो.’’

माझं कामरगावात कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि उधारीची वही. दुकानासमोर सिमेंटचा ओटा. ओट्यावर गिऱ्हाइकं कमी आणि सल्लागार जास्त बसतात, त्यामुळे भाच्याचं वाक्य माझ्या कानावर येण्याआधी ओट्यानंच झेललं.

‘‘कायची स्पर्धा बापा?’’

‘‘पॅडलची.’’

ओटा गप्प झाला. ओटा गप्प होतो तेव्हा तो विचार करत नसतो. पुढचा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारावा म्हणून थांबलेला असतो. शेवटी तात्या म्हणाले, ‘‘सायकलचे पायडल बनवते का तू? मले वाटे, कम्प्युटरवर हायेस.’’

तीन वर्षांपूर्वी तो कम्प्युटरवरच होता. शाळेत असताना टेनिस खेळायचा, बऱ्यापैकी खेळायचा, मग जे सगळ्यांचं होतं ते झालं: बारावी, इंजिनियरिंग, नोकरी. एका रविवारी ऑफिसातल्या कोणाबरोबर पॅडल खेळायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. आता तो व्यावसायिक पॅडलपटू आहे. माझ्या बहिणीला हे कोणाला समजावून सांगता येत नाही, म्हणून लग्नाकार्यात कोणी विचारलं तर ‘‘तो प्रायव्हेट करतो’’ असं सांगून ती ताटात जिलबी वाढून घेते.

‘‘पायडल नाही तात्या, पॅडल,’’ भाचा म्हणाला. ‘‘स्पेनमध्ये तर त्याला पादेल म्हणतात.’’

हे त्यानं सांगायला नको होतं. ओट्यावर फुटलेलं हसू समोरच्या चहाच्या टपरीत गेलं, तिथून एसटीच्या थांब्यावर गेलं आणि संध्याकाळपर्यंत गावाला घेरा घालून परत आलं. ‘‘कोण पादेल?’’ ‘‘कधी पादेल?’’ ‘‘पुण्याले जाऊन हेच शिकला का?’’ भविष्यकाळी क्रियापदाचं नाव मिळालेला जगातला हा एकमेव खेळ असावा. पुढचे चार दिवस भाचा गल्लीतून निघाला की मागून पोट्टे कुजबुजायचे, आणि तो जरा वाकला, बुटाची लेस बांधायला बसला, की सगळी गल्ली श्वास रोखून धरायची.

शेवटी त्यानं युरियाच्या पावतीच्या मागच्या बाजूला आकृती काढून खेळ समजावून सांगितला. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद जागा. मधे जाळी. दोन्ही टोकांना काचेच्या भिंती, बाजूंना थोडी काच, थोडी तारेची जाळी. आत चौघं, दोन विरुद्ध दोन. एकट्यानं खेळायची सोय जवळपास नाहीच. चेंडू टेनिसच्या भावकीतला, पण हवा जरा कमी. गुणही टेनिससारखेच, पंधरा, तीस, चाळीस. फरक एवढाच की चेंडू आपल्या बाजूला एक टप्पा घेऊन मागच्या काचेवर आपटला तर तो मेला असं समजायचं नाही. तो काचेवरून परत येतो. आला की मारायचा.

‘‘मंजे सुटलेला चेंडू वापस येते?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘येतो.’’

‘‘मंग खेळ चांगला आहे. माह्या जिंदगीत सुटलेलं काईच वापस नाई आलं.’’

मी उधारीच्या वहीकडे बघितलं. तात्यांनी दुसरीकडे बघितलं.

सर्व्हिसचा नियम मात्र ओट्याला फार आवडला. चेंडू आधी जमिनीवर टप्पा पाडायचा आणि कमरेच्या वर न जाऊ देता खालून मारायचा. ‘‘कमरेखालून मारा लागते? मंग हा आपल्या कामरगावचाच खेळ आहे,’’ एकानं निकाल दिला. खेळाचं मूळ मेक्सिकोत आहे, 1969 साली अकापुल्कोत एन्रिके कोरकुएरा नावाच्या माणसानं घरी जागा कमी म्हणून चारी बाजूंनी भिंती घालून तो सुरू केला, हे भाच्यानं सांगितलं. कोणी ऐकलं नाही. त्या माणसाचा एक राजघराण्यातला मित्र, आल्फोन्सो दे होहेनलोहे, तिथं खेळून हरखला आणि 1974 मध्ये त्यानं स्पेनच्या मार्बेयाला तसलीच कोर्टं बांधली. तिथून खेळ अर्जेंटिनात गेला. तेही कोणी ऐकलं नाही. कारण तोवर तात्यांचा हिशोब सुरू झाला होता.

तात्यांना लिहिता येतं, पण हिशोब ते कागदावर करत नाहीत. डोळे बारीक करून टपरीच्या पत्र्याकडे बघत करतात. ‘‘वीस गुणिले दहा. दोनशे मीटर. म्हणजे दोन आर. जवळजवळ दोन गुंठे. किती घेते त्याचे?’’

‘‘घेते म्हणजे?’’

‘‘भाडं रे.’’

‘‘पुण्यात तासाला दीड-दोन हजार. चौघांत वाटून.’’

ओटा पुन्हा गप्प झाला, पण या वेळी खरंच विचार करत होता. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे एका एकरात अशी वीस कोर्टं. एकरी सोयाबीन धरा सहा क्विंटल, पाऊस, येलो मोझॅक आणि रोही यांनी सोडलं तर. वीसनं भागलं की दोन गुंठ्यांना आले तीस किलो. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. हा भाव आमच्या ओट्यावर देवासारखा आहे. आहे हे सगळ्यांना मान्य, दर्शन झालेले कमी. तरी तो धरला. तीस किलोचे झाले सोळाशे.

‘‘मंजे,’’ तात्या सावकाश म्हणाले, ‘‘आपण जूनपासून दसऱ्यालोक दोन गुंठ्यात जे काढतो, ते हे लोक एका तासात काढते. अन् त्याले फवारणी नाई.’’

‘‘डवरणी नाई.’’

‘‘सोंगणीले मजूर नाई.’’

‘‘काचेचं वावर आहे बापा,’’ एक जण म्हणाला, आणि गावात पॅडलला कायमचं नाव पडलं. भाच्याचीही पादेलपासून सुटका झाली. आता लोक त्याला ‘‘काचेच्या वावरावर जाते तो’’ म्हणून ओळखतात. या वावराला पाणी कोणत्या विहिरीचं आहे, असंही कोणी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रॅकेट आणून दाखवली. पंधरा हजारांची. एवढ्यात माझ्याकडे चार्जिंगचे चार फवारणी पंप येतात आणि वर पिशवी फुकट मिळते. रॅकेटला तारा नाहीत. भरीव फळी, जाडी बोटभर-दोन बोटं, आणि मधे गोल भोकं. आमच्या हिनं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, ‘‘एवढ्या भोकांतून बुंदी चांगली पडेल.’’ रॅकेटच्या दांड्याला एक दोरी असते, ती मनगटात अडकवणं नियमानं बंधनकारक आहे, नाहीतर हातातून सुटून समोरच्याचं नाक फुटायचं. बैलाला कासरा असतो तसा हा माणसाला. भाच्यानं दोरी अडकवून उभं राहून दाखवलं तेव्हा तो खरंच दावणीला बांधल्यासारखा दिसत होता.

मग फटके. एका फटक्याचं नाव बांदेखा. स्पॅनिशमध्ये म्हणजे ट्रे. हॉटेलातला पोऱ्या खांद्याजवळ ट्रे धरून येतो, तसा हात करून डोक्यावरचा चेंडू अलगद कापायचा. दुसऱ्याचं नाव बीबोरा, म्हणजे विषारी साप, फुरसं-घोणसाच्या जातीचा. चेंडूला अशी फिरकी द्यायची की काचेला लागून तो सरपटत जातो. बीबोरा म्हटल्यावर एकानं लगेच बिब्ब्याचं तेल सुचवलं, खांदा दुखत असेल तर. आणि घोणस म्हटल्यावर विषय जो गेला तो गेलाच: कोणाच्या वावरात कोणत्या धुऱ्यावर केवढी निघाली, कोणाला कारंज्याच्या दवाखान्यात नेलं, कोणाला थेट अमरावतीला. अर्ध्या तासानं भाच्यानं हळूच रॅकेट पिशवीत घातली.

माणसाचं मुख्य दुःख ओट्यावर निघत नाही. ते जेवणानंतर, अंगणातल्या खाटेवर निघतं.

‘‘मामा, तीन वर्षांपूर्वी कोणत्याही स्पर्धेला गेलो की सगळे ओळखीचे. तू हरलास, मी जिंकलो, पुढच्या वेळी उलटं. टेनिस खेळलेला माणूस आला की निम्मं काम झालेलं असायचं. आता तसं राहिलं नाही.’’

आता स्क्वॉशवाले आलेत. त्यांना भिंत जन्मापासून माहीत. बॅडमिंटनवाले आलेत, त्यांचं मनगट विजेसारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची पोरं आलीत, ज्यांनी टेनिस कधी खेळलेलंच नाही. टेनिसवाल्याला जोरात मारायची खोड असते. या खेळात जोरात मारलेला चेंडू समोरच्या काचेवर आपटतो आणि आणखी आरामात त्याच्याच हातात येऊन बसतो. म्हणजे तुम्ही जेवढा राग काढाल तेवढी समोरच्याची सोय. इथं जाळीजवळ जी जोडी ठाण मांडून बसते ती जिंकते, आणि तिला तिथून उठवायचं असेल तर डोक्यावरून उंच, संथ, कंटाळवाणा चेंडू टाकत राहावं लागतं. ही पोरं दहा-दहा, वीस-वीस वेळा तसाच टाकतात. थकत नाहीत, चिडत नाहीत, चेहरा हलत नाही.

‘‘आमच्या तलाठ्यासारखे,’’ मी म्हणालो. (आमच्या म्हणजे कुठल्याही. त्या पदाचा स्वभावच तसा.)

‘‘पण तू तर प्रोफेशनल ना?’’ मी विचारलं.

प्रोफेशनल या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री कळला. हौशी खेळाडू स्वतःच्या पगारातून स्पर्धेची फी भरतो. प्रोफेशनल खेळाडूला पगारच नसतो, म्हणून तो सकाळी सहा वाजता कम्प्युटरवाल्यांना शिकवून फी उभी करतो. पुण्यात तो ज्यांना शिकवतो ते सगळे त्याच कंपन्यांतले आहेत जिथून हा पळून आला. त्यातल्या एकानं दोन वर्षं याच्याकडे शिकून याच वर्षी याला हरवलं. म्हणजे आपणच बी द्यायचं, आपणच खत द्यायचं आणि पीक शेजारच्या वावरात.

जगाच्या वरच्या टोकाला मात्र मोठी मौज आहे. आर्तुरो कोएयो आणि आगुस्तीन तापिया ही जोडी 2023 मध्ये लागोपाठ 47 सामने जिंकली. एक स्पेनचा, एक अर्जेंटिनाचा. भाचा त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणतो, गावात काही लोक आमदारांचं घेतात तसा. त्यांच्या आधी फर्नांदो बेलास्तेगिन होऊन गेला. अर्जेंटिनातल्या पेहुआखो नावाच्या लहान गावचा माणूस, सलग 16 वर्षं जगात पहिला. सोळा वर्षं! आमच्याकडे सरपंचाला पाच वर्षं मिळतात आणि त्यातही मधेच अविश्वास ठराव येतो. त्या सोळांतली बहुतेक वर्षं जोडीदार एकच होता, हुआन मार्तिन दियास. तेरा वर्षं दोघं एकत्र खेळले. मी म्हणालो, ‘‘आपल्याकडे दोन सख्खे भाऊ एका सातबाऱ्यावर तेरा वर्षं राहत नाहीत.’’

यावर भाचा काही बोलला नाही. मग कळलं, खरी जखम तिथंच होती. त्याचा जोडीदार त्याला सोडून गेला होता.

पॅडलमध्ये म्हणे हे रोजचं. दोन स्पर्धा हरल्या की जोडी मोडते, आणि एक जोडी मोडली की तिच्यामागे चार मोडतात, कारण मोकळा झालेला माणूस दुसऱ्याच्या जोडीतला ओढतो. घटस्फोट आणि मुहूर्त एकाच दिवशी. कोण कोणाबरोबर दिसला, कोणी कोणाला सरावाला बोलावलं, यावर जगभरचे खेळाडू मोबाइल घेऊन बसलेले असतात. मला यात परकं काही वाटलं नाही. ग्रामपंचायतीच्या निकालानंतरची रात्र आमच्याकडे अशीच जाते. फक्त इथं सदस्य सहलीला पाठवून लपवून ठेवत नाहीत.

‘‘काहून सोडलं त्यानं?’’

‘‘त्याला डावखुरा मिळाला.’’

डावखुऱ्याला या खेळात सोन्याचा भाव आहे. उजव्या बाजूला डावखुरा आणि डाव्या बाजूला उजवा उभा केला की दोघांचेही जोराचे हात मधल्या जागेवर येतात आणि मधून काही सुटत नाही. कोएयो डावखुरा, दियास डावखुरा. मला एकदम आठवलं, लहानपणी हा भाचाच डाव्या हातानं जेवायला बसायचा, आणि याच अंगणात आमच्या आईनं त्याच्या हातावर चापट मारून मारून तो उजवा केला होता. मी हे त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. कोणी सांगूही नये.

सकाळी ओट्यावर स्पर्धेचा विषय पुन्हा निघाला, कारण तात्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. एका तासात सोळाशे!

इथं थोडं तात्यांबद्दल सांगायला पाहिजे. गावातलं पहिलं कृषी केंद्र त्यांचं. मी माझं दुकान उघडलं त्या दिवशी ते नारळ घेऊन आले होते, नारळ दिला आणि उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले होते, ‘‘स्पर्धा लय वाढली आता.’’ तेव्हा गावात दोन दुकानं झाली होती. मग तिसरं झालं, तेव्हा ते वाक्य मी म्हणालो. आता दुकानं किती आहेत ते मी मोजत नाही. तात्यांनी आपलं केव्हाच बंद केलं आणि माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या मते धंदा करण्यापेक्षा धंदा बघण्यात बरकत आहे.

‘‘पोट्टा म्हंते ते बरोबर आहे,’’ तात्या म्हणाले. ‘‘पण हे काई नवीन नाई. इमू आठवते का?’’

ओटा कण्हला. इमू सगळ्यांनाच आठवते. ऑस्ट्रेलियातला उंच मानेचा पक्षी. त्याचं अंडं, त्याचं तेल, त्याचं मांस, सगळ्याला सोन्याचा भाव, असं सांगत माणसं फिरायची. ज्यांनी आधी घेतले त्यांनी पिल्लं पुढच्यांना विकली. पुढच्यांनी त्याच्या पुढच्यांना. सगळ्यात शेवटच्याला कळलं की इमू विकत घेणारा माणूस म्हणजे फक्त इमू पाळू इच्छिणारा माणूस. त्याच्या आधी सफेद मुसळी. आणि आता चिया. आमच्या वाशीम जिल्ह्यात रब्बीत चिया पेरायची लाट आली आहे, वाशीमच्या बाजार समितीत त्याची खरेदीही होते. रोही खात नाही, पाणी कमी लागतं, पीक गुणी आहे, माझ्या दुकानातूनच बी जातं, म्हणून मी वाईट बोलणार नाही. पण पहिल्या वर्षी ज्यानं पेरला तो हसत होता आणि आता शेजाऱ्यानंही पेरला म्हटल्यावर तोच माझ्या काउंटरवर कोपरं टेकून म्हणतो, ‘‘भाऊ, स्पर्धा वाढली.’’

‘‘चिया मूळचा कुठला?’’ भाच्यानं विचारलं.

‘‘मेक्सिकोचा,’’ मी म्हणालो. पाकिटावर लिहिलेलं असतं.

‘‘पॅडलपण मेक्सिकोचंच.’’

तात्यांनी मान हलवली. ‘‘त्या गावचं बी चांगलं दिसते. उगवण जोरात आहे. भावाचं मात्र पाह्यजा.’’

भाच्याचा चेहरा पडला, कारण स्वीडनची गोष्ट त्याला माहीत होती. ती त्यानंच सांगितली. करोनाच्या काळात स्वीडनमध्ये पॅडलचं वेड लागलं. जिकडे तिकडे गोदामं रिकामी करून त्यात काच बसवली. कोर्ट मिळेना, लोक रात्री-बेरात्री खेळायला लागले. मग ज्याच्याजवळ चार पैसे होते त्या प्रत्येकानं कोर्ट बांधलं. आणि 2022 पासून एकेक हॉल दिवाळखोरीत निघायला लागला. खेळणारे तेवढेच, काच जास्त. अर्जेंटिनात हेच नव्वदच्या दशकात होऊन गेलं होतं, पण स्वीडनच्या लोकांनी अर्जेंटिनाला विचारलं नाही. आपण तरी यवतमाळला विचारून पेरतो का?

‘‘तिथली काच निघाली का विकायले?’’ ओट्यावरच्या एकानं विचारलं. हा माणूस जुने दरवाजे-खिडक्या घेतो.

माझा मात्र वेगळाच विचार चालला होता. खेळाला काच लागते हेच मला पटत नव्हतं. आमच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. तिथली माणसं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत जाऊन कबड्डी खेळून दाखवून आली. जगाला दाखवली, जगानं बघितली, टाळ्या वाजवल्या, आणि परत पाठवून दिली. नंतर प्रो कबड्डी आली 2014 साली. मधे 78 वर्षं. खो-खोचा पहिला विश्वचषक 2025 च्या जानेवारीत दिल्लीत झाला. पुरुषांचा आणि बायकांचा, दोन्ही आपण जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. त्या खेळाला लागतात दोन खांब आणि गुडघे. पण टीव्हीची काच आणि जाहिरातीची पाटी लागल्याशिवाय खेळाला मोल येत नाही. पॅडलवाल्यांनी शहाणपणा केला, काच आधीच बसवून घेतली. आतलं बाहेर दिसतं, बाहेरच्याला आत यावंसं वाटतं. मिठाईवाला तेच करतो.

भाऊबीज झाली तशी भाच्याच्या अंगात किडा वळवळायला लागला. सहा दिवस त्यानं चेंडू मारला नव्हता. माझ्या दुकानामागे गोदामाची लांब भिंत आहे, नुकतंच प्लास्टर केलेलं, आणि समोर थोडं फरशीचं अंगण. त्यानं तिथं खडूनं रेघ मारली आणि भिंतीवर ठाक-ठुक सुरू केलं. दहा मिनिटांत पंधरा पोट्टे जमले. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्यांना भिंतीवरून आलेला चेंडू नवीन नसतो. भिंतीला लागून एका हातानं झेल घेतला तर आउट, कोणाच्या गच्चीवर गेला तर आउट आणि आणायला पण तूच, हे कायदे त्यांना पाठ असतात. भाचा म्हणाला, ‘‘अरे, यांना काच वाचायला शिकवावं लागणार नाही.’’ त्याच्या आवाजात आनंद होता की धास्ती, ते मला कळलं नाही.

त्या पोट्ट्यांच्या मागे एक मोठा मुलगा उभा होता. आमच्या गावात पहाटे चार वाजता रस्त्यानं गेलात तर अंधारात पावलांचे आवाज येतात. भुतं नाहीत, पोलीस भरतीची पोरं आहेत. 1600 मीटर धावणं, 100 मीटर, गोळाफेक. मैदानी पन्नास गुण. हा त्यातलाच. दोनदा थोडक्यात राहिलेला. भाच्यानं त्याला दुसरी रॅकेट दिली, दोरी मनगटात अडकवून दिली आणि दोघं भिंतीवर आळीपाळीनं मारायला लागले.

पोराला मारता येत नव्हतं. पण तो पोचत होता. भाचा कोपऱ्यात टाकी, हा तिथं. भाचा भिंतीलगत सोडी, हा तिथं. बीबोरा टाकला, चेंडू सरपटला. हा खरंच साप दिसल्यासारखा उडी मारून पलीकडे गेला आणि तिकडून परतवला. पंधरा मिनिटांत भाच्याचा शर्ट ओला, याच्या कपाळावर घाम नाही. वरून चेहरा तोच, निर्विकार. तलाठ्याचा.

गुण बरोबरीत आले. वरच्या स्पर्धांत 2020 मध्ये 40-40 झालं की एकच निर्णायक गुण खेळवायला लागले, त्याला गोल्डन पॉइंट म्हणतात, असं भाच्यानं सांगितलं. आमच्याकडे समसमान मतं पडली की लहान मुलाच्या हातानं ईश्वरचिठ्ठी काढतात. हे तेच, फक्त घाम गाळून. भाच्यानं बांदेखा मारला. ट्रे हातातून पडला. चेंडू गोदामाच्या पत्र्यावर गेला आणि गल्लीच्या कायद्यानं भाचा आउट झाला. आणायलाही तोच चढला.

‘‘पुण्याला येतोस का?’’ त्यानं पत्र्यावरूनच विचारलं. ‘‘मी शिकवतो. माझ्यासोबत जोडी कर.’’

पोरानं रॅकेट नीट बघितली, भोकं बघितली, दोरी सोडवली.

‘‘सर, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्क्यांत बसते का हा खेळ?’’

भाचा पत्र्यावर चेंडू शोधत राहिला.

‘‘याची भरती निघते का?’’

‘‘भरती नसते रे. स्पर्धा असते.’’

‘‘ते तं इथंच लय आहे,’’ पोरगा म्हणाला, रॅकेट काउंटरवर ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता तो रस्त्यावर धावत होता.

भाचा त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं पुण्याला परतला. जाताना दुसरी रॅकेट इथंच राहिली, म्हणजे मीच पिशवीत ठेवायची विसरलो, म्हणजे आमच्या हिनं ती घासून-पुसून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली होती. मी परत आणली. बुंदीसाठी भोकं मोठी निघाली.

हल्ली सकाळी दुकान उघडायच्या आधी मी गोदामाच्या मागे अर्धा तास ठाक-ठुक करतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण चालण्यात कोणी परत काही देत नाही. भिंत निदान चेंडू देते. प्लास्टरचे पोपडे निघाले आहेत, त्याचा खर्च मी भाच्याच्या आहेरातून वळता करणार आहे. तात्या खुर्ची टाकून बसतात आणि गुण मोजतात. त्यांच्या मोजणीनुसार भिंत पुढे आहे.

कामरगावात सध्या पॅडलची स्पर्धा बिलकूल नाही. जोडीदाराची जागा रिकामी आहे, डावखुऱ्यांना प्राधान्य. सकाळी साडेसहाला यावं, चेंडू आपापले आणावेत, आणि मागची उधारी असेल तर तीही आणावी.